कॅलेंडरवरचा मेंढपाळ शोधायला पेणच्या वाटेवर

फिरायला जायची लोकांची कारणं कशी छान असतात. हवापालट, समुद्र, मासे. माझं कारण म्हणजे एक कॅलेंडर. आमच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं तेच चित्र लटकतंय. पांढऱ्या झग्यातला येशू, खांद्यावर मेंढरू, मागे हिरवळ. मेंढरू इतकं स्वच्छ की आत्ताच न्हाऊन आल्यासारखं.

झालं असं, की आमच्या पाळकसाहेबांचे गुडघे आता बोलायला लागलेत. ख्रिस्ती मंडळीच्या धर्मगुरूला आम्ही पाळक म्हणतो, म्हणजे मेंढपाळच. तर उपासना संपता संपता ते सगळ्यांसमोर म्हणाले, "रोडपालीचा कळप, म्हणजे आपली मंडळी, आता सुनंदानं सांभाळावी. पुढच्या रविवारी उत्तर दे, बाई."

सुनंदा म्हणजे मी. बँकेतून निवृत्त, घरात साधी तुळससुद्धा जगत नाही. हो म्हणावं तर झेपेल का, नाही म्हणावं तर देवालाच नकार दिल्यासारखं. त्यात बेलपाड्याच्या सुशीलावहिनींचा विषय. त्यांच्या मुलानं धर्माबाहेर लग्न केलं, मंडळीत कुजबुज झाली आणि त्या यायच्याच बंद झाल्या. मंडळीची कमिटी म्हणते, येतील आपल्या पायांनी. त्या काही येत नाहीत. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

हे मी आमचे शेजारी रफिकभाई यांना सांगितलं. त्यांचं पनवेलला मटणाचं दुकान आहे. ते म्हणाले, "मॅडम, टेन्शन कायको? असली, एकदम खरा मेंढपाळ बघा ना. शनिवारी मी पेणकडे धनगरांच्या तळावर चाललोय, दोन नर घ्यायचेत."

शनिवारी दुपारी त्यांच्या टेम्पोत बसले. तुम्हाला जायचं असेल तर पनवेल-पेण एसटी उत्तम, बायकांना अर्धं तिकीट. पळस्पे फाट्याला नेहमीचा खोळंबा, कर्नाळा मागे टाकल्यावर रस्ता बरा. खारपाड्याचा पूल ओलांडून चहा-वडापाव झाला. वडा गार होता, चटणीनं सांभाळून घेतलं.

भातकापणी झाली की घाटावरचे धनगर कोकणात उतरतात. शेतकरी त्यांना आपल्या शेतात मेंढरं बसवायला बोलावतो. शेताला खत मिळतं, धनगराला धान्य. पेणच्या अलीकडे आत वळल्यावर असाच एक तळ लागला. जाळीचं कुंपण, एक घोडी, तीन दगडांची चूल आणि चुलीपाशी ठकूबाई. नवरा धुळाप्पा आणि दीर मेंढरं चारायला गेलेले. मेंढीच्या दुधाचा चहा मिळाला. इतका दाट की पोट भरलं.

मी धुळाप्पाची वाट बघत बसले, कारण चित्रात बाई नसते. पण कोकरं सगळी ठकूबाईच्या ताब्यात. मोठी मेंढरं दिवसभर चरायला जातात, कोकरं तळावर राहतात.

ऊन उतरल्यावर कळप परत आला आणि जो कालवा उठला, विचारू नका. आया ओरडतायत, कोकरं ओरडतायत, ठकूबाई एकेक कोकरू उचलून त्याच्या त्याच्या आईला लावतेय. मीही पदर खोचला. काळ्या कानाचं एक कोकरू उचललं आणि समोरच्या मेंढीला लावलं. तिनं ढुशी दिली. दुसरीला लावलं, तिनं लाथ मारली. तिसरीनं वासही घेतला नाही. मला अगदी रडू यायला लागलं. एक कोकरू जमेना, आणि मी कळप सांभाळणार!

"ताई, तुजं चुकलं न्हाई," ठकूबाई जवळ येऊन म्हणाली. "ह्याची आयच आली न्हाई. मागं ऱ्हायली कुटंतरी."

मग नवराबायकोची जुंपली. धुळाप्पा म्हणाला, "आता अंदार पडंल. हायवे हाय, कुत्री हायत. एकीसाटी समदी सोडून जाऊ?"

"समदी सोडून कशी? मी काय मेली काय? भाऊजी हायत, कुत्रं हाय. तू जातू का मी जाऊ?"

शंभरातलं एक मेंढरू हरवतं, मेंढपाळ बाकीची सोडून निघतो, हा येशूचा दाखला मी लहानपणापासून ऐकत आलेय. बाकीच्यांपाशी कोण थांबलं, हा प्रश्न मला आजवर पडलाच नव्हता. पडला आणि आणखीच गोंधळले.

धुळाप्पा बडबडत रफिकभाईंच्या टेम्पोतून गेला. कोकरू माझ्या मांडीवर ओरडत होतं. "काय करू ह्याला?" मी विचारलं.

"काय करू नगं. धरून बस निस्ती."

बसले.

अंधार पडता पडता टेम्पो परतला. धुळाप्पा उतरला, खांद्यावर मेंढी. हुबेहूब कॅलेंडर! फक्त मेंढी चिखलानं बरबटलेली, आणि आमचा मेंढपाळ तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. कोकरू माझ्या हातून सुटून आईला जाऊन लुचलं, तेव्हा मात्र मी खरंच रडले.

डोळे पुसतेय तोवर रफिकभाई दोन नर टेम्पोत चढवायला लागले. धुळाप्पा पाठ करून चुलीकडे बघत उभा. मी न राहवून विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"वाटतंय की. म्हनून तर मी हात लावत न्हाई, घेनाऱ्यालाच भराया लावतो."

कॅलेंडरवाल्यानं हे काही छापलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर टेम्पोत मागे दोन्ही नर ओरडत होते. मला धड राग येईना, धड दया. मंगळवारी याच रफिकभाईंकडून मटण घेते की मी.

"भेटला का तुमचा मेंढपाळ?" त्यांनी विचारलं.

"भेटला की नाही, तेच कळत नाहीये."

"हमारे मोहल्लेमें भी ऐसाच है," ते हसले. "जो जिम्मेदारी घेतो, तोच शिव्या खातो."

रविवारी सकाळी साडी नेसून तयार झाले आणि पाळकसाहेबांना फोन केला. "आज उपासनेला येत नाही. सुशीलावहिनींकडे चाललेय."

"अगं, सगळे तुझ्या उत्तरासाठी थांबलेत!"

"उत्तर मलाच माहीत नाही. तुम्ही सगळे आहात ना तिथं? एकमेकांना सांभाळा तेवढा वेळ."

बेलपाड्याला रिक्षानं गेले. वहिनींनी दार अर्धंच उघडलं. माझ्यामागे जिन्यात आणखी कोण आहे, ते पाहिलं. कोणीच नव्हतं.

"कमिटीनं पाठवलं?"

"नाही."

"मग कशाला आलीस?"

रिक्षात चांगली चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. "खरं सांगू? मलाही नीट कळत नाहीये," मी म्हटलं.

त्यांनी दार पूर्ण उघडलं. आत सोफ्यावर बसल्या आणि एकदम हमसून हमसून रडायला लागल्या. मी आत गेले. शेजारी बसले आणि त्यांचे हात धरले. पर्समधला फोन वाजायला लागला. पाळकसाहेबच असणार, उपासना संपली असेल. वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. पण माझे दोन्ही हात गुंतले होते.