तांदळाच्या पिशव्या आणि डिझेलची टाकी

अमेरिकेत रेडमंडला माझ्या मुलाच्या घरासमोर नागपूरचा एक इंजिनियर राहतो. स्वतः करून पाहिल्याशिवाय त्याचा कशावरच विश्वास बसत नाही. गेल्या हिवाळ्यात डोंगरात त्याच्या पिकअपचं डिझेल संपलं आणि बायको तीन तास बर्फात कुडकुडली. तेव्हापासून ती त्या गाडीत बसत नव्हती. म्हणून याला मागच्या हौद्यात जादा टाकी बसवायची होती.

केवढी घ्यावी हे ठरवायला त्याने गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांतून तांदळाच्या पिशव्या मागून आणल्या. सगळ्यात मोठ्या टाकीचं भरल्यावर जेवढं वजन, तेवढ्या वजनाच्या पिशव्या हौद्यात रचल्या आणि मला हाक मारली.

"मावशी, गाडी मागून बसली का?"

"म्हैस बसते तशी बसलीय."

"मग मोठी टाकी कॅन्सल!"

गाडी सरळ होईपर्यंत त्याने एकेक पिशवी उतरवली आणि उरलेल्या वजनाची टाकी मागवली.

टाकी बसवून भरली, त्या दिवशी बायको बाहेर आली.

"खरंच भरलीय?"

मी असते तर चिडले असते. त्याने मात्र झाकण उघडलं आणि टॉर्च धरला. तिने आत नीट वाकून पाहिलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.