आईने घर सोडलं, कारण ब्रेक सुटेना

घरगाडीची हौस सुहासची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. जुनी मिनीबस घेऊन त्याने तिच्यात पलंग, ओटा, एवढंसं न्हाणीघर असा संसार थाटला. शेजारी हसायचे आणि मीही त्यांना सामील होते. पण यंदा थंडीत आईच्या माहेरी, आचऱ्याच्या बाजूच्या एका गावात, गावपळणीचा कौल झाल्याचं कळलं आणि ही गाडी कामाची वाटू लागली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. काही वर्षांनी देवाचा कौल मिळाला की अख्खं गाव घरं बंद करून, गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर झोपड्यांत तीन दिवस राहतं. मागे चिटपाखरू ठेवायचं नाही. आई लग्न होऊन बेळगावला आली तेव्हापासून तिची गावपळण चुकली ती चुकलीच. लहानपणी आम्हाला झोपवताना ती गोष्टीऐवजी हेच सांगायची: पेजेची चूल, माडांखालची अंथरुणं, अंगावर गाईचा ऊन ऊन श्वास. मला ती झोपडी न बघताच पाठ झाली होती.

तिचे थोरले भाऊ, आमचे बाळमामा, आता मालवणात मुलाकडे राहतात. गावातलं घर रस्ता रुंद झाला त्यात गेलं. आई येते म्हणाल्यावर फोनवर ते म्हणाले, "ये गो. पण आपण आता बघे. सोडूक घर खंय आसा आपला?"

मामांनी ते सहज म्हटलं. आईचा चेहरा मात्र उतरला. "बघायला नाही जायचं मला," एवढंच ती बोलली आणि पिशवी भरायला लागली.

निघण्याआधी सुहासने गॅरेजवाल्याला बजावलं, "आंबोली उतरायची आहे, ब्रेक चांगले कसून द्या." त्याने दिले. सगळं रामायण तिथून सुरू झालं.

बेळगावहून आंबोलीपर्यंत मजेत गेलो. टपरीवर चहा आणि गरम भजी झाली. घाट सुहासने खालच्या गियरमध्ये, अगदी शहाण्यासारखा उतरवला. तरी दाणोलीला जळका वास आलाच. मागचं डावं चाक चुलीवरच्या तव्यासारखं तापलं होतं. एक गृहस्थ मदतीला म्हणून पाण्याची बादली घेऊन आले, त्यांना मी हात जोडून थांबवलं. चाकाच्या आतल्या तापलेल्या ब्रेक-ड्रमवर पाणी पडलं तर तो तडकतो. घाटाने तापलं असेल, निवेल, असं म्हणून आम्ही तासभर झाडाखाली बसलो.

पण कुडाळच्या अलीकडे, चांगल्या सपाट रस्त्यावर, पुन्हा तोच वास. मोठी गाडी घेऊन येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: घाटात ब्रेक तापला तर समजण्यासारखं आहे, सपाटीवर तापला तर तो सुटत नाहीये. हलक्या उतारावर गियर काढून पाहिलं. गाडी आपसूक घरंगळायला हवी होती, ती जागची हलेना. कुडाळहून बोलावलेला मेकॅनिक चाकाखालून बाहेर येत म्हणाला, "ब्रेकाची हवा सोडली तरी लायनर ड्रमाक धरून आसा. लय कसल्यानी." त्याने ती ब्रेकची पट्टी ढिली केली, पण उष्णतेने तिला मागे ओढणारी स्प्रिंगही मऊ पडली होती. नवी यायला दोन दिवस लागणार होते. बांगड्याचं तिखलं आणि भात जेवताना सुहास म्हणाला, "इथेच थांबू या."

"गाव उद्या बंद होईल," आई म्हणाली. ती जेवलीच नाही. मग थांबत, चाक निववत, बैलगाडीच्या चालीने निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावात शिरलो. लोक निघालेच होते. डोक्यावर गाठोडी, हातात कोंबड्या, पुढे गुरं. आम्हाला गावातून पलीकडच्या वेशीबाहेर जायचं होतं, पण पिठाच्या गिरणीसमोर ब्रेकने चाक असं धरलं की गाडी पुढे जाईना, मागे येईना. सुहासने कपाळावर हात मारला. "तुम्ही जा, मी गाडीजवळ थांबतो."

ते ऐकून एक वयस्कर गावकरी वळले. "माणूस रवाचो नाय."

"अहो, पण गाडी..."

"आत चूल आसा?"

"गॅस आहे."

"निजतास खंय?"

"आतच."

"मगे घरच ता," ते म्हणाले. "घर रवांदे. माणसां भायर येवंदेत."

आई गाडीकडे वळली. मग लगबगीने आत गेली. तिने ओटा पुसला, जमीन झाडली, तांदूळ आणि अंथरुणं बाहेर काढली, खिडक्या लावल्या. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू सर." मालवणाहून आलेले मामा कुणाचीशी कोंबडी काखेत धरून उभे होते. कुलपाची किल्ली सुहासच्या हातात होती. मामा त्याला म्हणाले, "तिका दी. तिचा घर, तीच बंद करतली."

आईने कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि रडली. मलाही आवरेना. मग आम्ही सगळ्या गावाबरोबर चालत वेशीबाहेर गेलो.

झोपडीतले ते दिवस आईच्या गोष्टीतल्यासारखेच होते. फक्त मच्छर ती सांगायला विसरली होती. मामा आणि ती पेज पीत कुणाकुणाची नावं आठवत बसत. येणाऱ्याजाणाऱ्याला ती आपणहून सांगायची, "माझा घर गिरणीसमोर."

लोक परतून गाव पुन्हा भरल्यावर कुडाळचा मेकॅनिक नवी स्प्रिंग आणि लायनर घेऊन आला. परतीला तोंडवलीच्या किनाऱ्यावर मुक्काम केला. चाक थंडगार होतं. आई पाण्यात पाय बुडवून बराच वेळ बसली होती.

बेळगावात आल्यावर खर्च आणि मनस्ताप आठवून सुहासने गाडी विकायचं काढलं. गिऱ्हाईकही आलं. आईने त्याला चहा दिला. ते गेल्यावर म्हणाली, "विका, सुहासराव. पण मगे माका सोडूक काय रवतला?"

गाडी अजून आमच्या दारात उभी आहे. किल्ली आईकडे असते.