जरा सारखं करतो

माझे मामा, नारायणराव रामटेके, यांना कुठलीही वस्तू आहे तशी बघवत नाही. लग्नाला गेले तर आधी मांडवाचा खांब हलवून बघतील. आमच्याकडे चहाला आले की टीपॉयखाली वाकतील, "जरा सारखं करतो" म्हणतील आणि खिशातला कागद चौघडी करून एका पायाखाली सरकवतील. मग चहा निवलेला असतो, आणि तो निवल्याबद्दल बोलणी मला बसतात.

जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं पॅटर्नमेकर म्हणून काढली. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी तो हुबेहूब लाकडात घडवायचा आणि त्यावरून रेतीत साचा उठवायचा, हे ते काम. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकूड थोडं मोठं ठेवावं लागतं. त्यासाठी एक वेगळी पट्टी असते, तिचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित लांब असतो. मामा घरातही तीच पट्टी वापरायचे. जबलपुरातल्या कांचघर वस्तीतल्या घरी दाराच्या चौकटीला उभं करून ते माझ्या मामेभावाची, सुमेधची, उंची घ्यायचे, तेव्हा तो शाळेतल्या नोंदीपेक्षा अर्धा इंच बुटका भरायचा. "शाळेची पट्टी खोटी आहे," असं मामा खुशाल सांगायचे. आम्ही सगळे हसायचो. सुमेध हसायचा नाही.

हात मात्र त्याने बापाचाच घेतला होता, आणि डोकंही. आठवीत असताना त्याने शाळेच्या प्रदर्शनासाठी लाकडाची बैलगाडी केली. खरं सांगायचं तर ती वाकडी होती. एक चाक मोठं, एक लहान. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी उठून बघतो तर दोन्ही चाकं एका मापाची, जू नवं, आणि सगळ्याला पॉलिश. मामांनी जरा सारखं केलं होतं. गाडीला पहिलं बक्षीस मिळालं. सुमेधने ते सर्टिफिकेट आणून मामांच्या ताटाशेजारी ठेवलं. "हे तुमचं आहे," तो म्हणाला. मामांना त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे हे कळलं नाही. मला वाटतं, परवापर्यंत कळलं नव्हतं.

पुढे सुमेध शिल्पकला शिकला आणि डिंडोरीच्या पलीकडे, सालवृक्षांच्या डोंगरात उभ्या राहत असलेल्या एका कला संग्रहालयात राहायला गेला. दगडी खोल्यांत चित्रं, आणि बाहेर जंगलात, पायवाटांच्या कडेला शिल्पं. उद्घाटनाला या म्हणून त्याने घरी फोन केला. कलावतीमामींनी फोन मामांपुढे धरला. मामांनी तो हातात न घेताच उत्तर दिलं.

"काहून जायचं तिथं? लाकूडच पाहायचं तं टालावर जातो ना मी."

सुमेधने ते ऐकलं असणारच. तरी तो दर सणाला फोन करायचा, मामी दर वेळी विचारायच्या आणि मामा दर वेळी त्या टालाचं, लाकडाच्या वखारीचं, नाव घ्यायचे. मला दोघांचाही राग यायचा. अरे, तू एकदा गाडी घेऊन ये आणि म्हाताऱ्याला घालून ने. आणि मामा, तुम्ही एकदा आपला ताठा कांचघरला ठेवून जा. मी हे मनातच म्हणत राहिले, याचाही आता राग येतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंडला रस्त्यावर सुमेधची मोटरसायकल ट्रकखाली गेली. तो एकतीस वर्षांचा होता.

जानेवारीत संग्रहालयाचं पत्र आलं. सुमेधचं शिल्प फार दिवस टिकणार नाही, घरच्यांना बघायचं असल्यास पावसाळ्याआधी यावं, असं त्यात लिहिलं होतं. मामी गुडघ्यांमुळे गाडीत बसू शकत नव्हत्या. त्या मामांना एवढंच म्हणाल्या, "त्याचं शेवटचं आहे ते. माझ्यासाठी पाहून या." मामांनी जुनी हत्यारांची पिशवी काढली. मी म्हटलं, ती कशाला, तर म्हणाले, "असू दे." गाडी मी चालवली. साडेचार तासांत ते एकदा बोलले, तेही माझ्या गाडीच्या काचेच्या रबराबद्दल.

संग्रहालयात ममता नावाची मुलगी आम्हाला घेऊन निघाली. खोल्यांतल्या चित्रांकडे मामांनी मान वळवली नाही. पायवाट चढून गेल्यावर सालाच्या झाडांखाली थोडी मोकळी जागा होती, आणि तिथे सुमेधचं काम होतं.

ते मामांचं कामाचं बेंच होतं. कारखान्यातलं, ज्याच्यापुढे ते चौतीस वर्षं उभे राहिले ते, अगदी त्याच आकाराचं. वर रंधा, पटाशी, हातोडी, सगळं लाकडातच कोरलेलं. सुमेध लहानपणी एकदाच, कारखान्याच्या वार्षिक दिवसाला, तिथे गेला होता. तेवढ्यात त्याने ते किती बघून ठेवलं होतं. आता त्यावर वाळवीची माती चढली होती. रंध्याचा अर्धा भाग गेला होता. मागचा एक पाय खालून खाल्ला गेल्यामुळे बेंच एका अंगाला कललं होतं.

मामांनी बेंचाभोवती एक फेरी मारली. मग गुडघ्यावर बसले, पिशवीतून लाकडाची पाचर काढली आणि हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांत त्या पायाखाली बसवली. बेंच सरळ झालं. ते अंगठ्याने वाळवीची माती खरवडू लागले.

"अंकलजी, प्लीज. हाथ मत लगाइए," ममता म्हणाली.

"बेटा, तेल लगाना पडेगा इसको. दीमक पूरा खा जाएगी."

"खाने के लिए ही रखा है, अंकलजी. सुमेध भैया का यही कहना था. जंगल का है, जंगल खाएगा." ती थोडी घुटमळली. "उन्होंने लिख के दिया है."

ती खाली ऑफिसात गेली आणि एक फाइल घेऊन आली. शिल्पाची देखभाल कशी करावी, याचा छापील फॉर्म होता. शेवटच्या रकान्यात सुमेधचं अक्षर होतं. मामांचा चष्मा गाडीत राहिला होता, म्हणून मी वाचलं.

"मेरे पिताजी आएँगे. वे इसे सारखं करेंगे. करने मत दीजिएगा."

"दीदी, ये सारखं क्या होता है?" ममताने विचारलं. "हम लोग बहुत सोचे. हमको लगा कोई पॉलिश का नाम है."

मला हसू आलं आणि लगेच रडू कोसळलं. सुमेधला हिंदीत दुसरा शब्द सापडला नसणार, कारण ते काम फक्त आमच्याच घरात होत होतं.

मला भीती होती ती मामांना त्या शेवटच्या वाक्याने तोडून टाकलं असेल याची. पण मामा शेवटच्या वाक्याशी थांबलेच नव्हते.

"पयलं वाच."

"मेरे पिताजी आएँगे."

"तारीख?"

"अकरा डिसेंबर, बावीस."

ते हिशेब करत राहिले. मग ममताकडे वळले. "ये तब सीधा था?"

"एकदम सीधा, अंकलजी. पहले साल तो पैर भी पूरे थे. भैया हर इतवार को झाडू लगाते थे यहाँ. बोलते थे, पापा कभी भी आ सकते हैं."

मामा पुन्हा खाली बसले. त्यांनी आपली पाचर दोन बोटांनी धरून ओढून काढली. बेंच परत कललं, आणि लाकडी पटाशी घरंगळून मातीत पडली. त्यांचा हात तिच्याकडे गेला, आणि त्यांनी तो मागे घेतला. मी त्यांना काखेत धरून उभं केलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला नाही. मीच लावून दिला.

"त्याच्यानंतर तेवीस महिने होता तो इथं, राजश्री," ते म्हणाले. "येतीन म्हणून लिहून ठेवलं त्यानं. मग मी काहून नाही आलो?"

कांचघर येईपर्यंत त्यांनी मला हे चार वेळा विचारलं. चारही वेळा मी समोर बघून गाडी चालवत राहिले.