बायकोच्या नावावरचे दोन तास

गेल्या रमजानच्या पहिल्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, माझ्या बायकोच्या नावावर वैद्यकीय शिक्षणाचे दोन तास जमा झाले. त्या वेळी ती बर दुबईतल्या क्लिनिकमध्ये रुग्ण तपासत होती. ऑनलाइन कोर्स मी केला होता, शारजातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर.

ती फॅमिली डॉक्टर आहे. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. तिला इथे नोकरी मिळाली म्हणून आलो. आता घरून भाषांतरं करतो. काही वर्षांपूर्वी तिच्या क्लिनिकने पगाराची पद्धत बदलली. पगाराचा एक भाग किती रुग्ण पाहिले यावर नव्हे, तर रुग्ण किती बरे राहिले यावर ठरू लागला. मधुमेह्यांची साखर आटोक्यात आहे का, तोच रुग्ण आठवड्यात परत आला का, आणि डॉक्टरने शिक्षणाचे ठरलेले तास पूर्ण केले का, हे सगळं मिळून दर तीन महिन्यांनी गुण मिळत. रुग्णांची रांग मात्र तेवढीच राहिली. ती घरी यायची तेव्हा तासभर व्हिडिओ बघण्याचं त्राण तिच्यात नसायचं.

पहिला कोर्स मी तिला मदत म्हणून केला. तो हात धुण्याविषयी होता. त्यानंतरचे सगळे माझ्याकडेच आले. आमच्या इमारतीत आणखी दोन डॉक्टर आहेत. एकाचे कोर्स त्यांचा मेव्हणा करतो, दुसरीचे तिची कॉलेजातली मुलगी. लिफ्टमध्ये भेटलो की आम्ही तिघं एकमेकांना विचारायचो, "यंदाचे झाले का?"

"काय डॉक्टरसाहेब, पास का?" बायको रात्री जेवताना विचारायची.

"ब्याण्णव टक्के."

"फायनलला मलासुद्धा एवढे नव्हते. उद्यापासून तूच जा ओपीडीला."

मुलगी अकरावीत आहे, इथेच वाढलेली. मोबाइलवरून नजर न काढता ती म्हणाली, "बाबा, दॅट्स लिटरली चीटिंग."

"खलास, पुरे. जेव आता," तिची आई म्हणाली. मी हसलो.

मंगळवारचा कोर्स रोजे आणि मधुमेह यावर होता. शेवटच्या चाचणीत चौथा प्रश्न माझा चुकला, म्हणून त्याचं स्पष्टीकरण वाचावं लागलं. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. अशी गोळी घेणारा रुग्ण उपास करत असेल आणि त्याला उलट्या होत असतील, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही त्याच्या रक्तात आम्ल साठू शकतं. साखरेच्या मीटरवर विसंबू नये, ती आम्लं, म्हणजे कीटोन, तपासावेत. दुसऱ्या प्रयत्नात उत्तर बरोबर आलं. प्रमाणपत्र तिच्या ईमेलवर गेलं. कोर्समध्ये काय होतं हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आमच्यात तशी पद्धतच नव्हती.

नऊ दिवसांनी, गुरुवारी पाच वाजता मी तिला क्लिनिकमधून घेतलं. इफ्तारच्या आधी शारजाकडे जाणारा रस्ता तुंबलेला असतो. गाडी एकाच जागी उभी असताना ती दिवसभराचं सांगत होती.

"आज रत्नागिरीकडच्या एक बाई आल्या होत्या. माझ्याच पेशंट आहेत, डायबेटिसच्या. सकाळपासून उलट्या, पोटात दुखतंय, आणि मला दम देतात, 'डॉक्टरबाई, रोजा सोड म्हणून सांगायचं नाय हां.'"

"मग?"

"मग काय, मी म्हटलं, इन्शाल्ला पुढच्या वर्षी धरा, आज पाणी प्या. ॲसिडिटीचं औषध दिलं. साखर एकशे नव्वद होती, फार नाही. ती नवी गोळी चांगली लागू पडलीय त्यांना."

कोणती गोळी, हे मी विचारलं. तिने नाव सांगितलं. ते चौथ्या प्रश्नात होतं.

तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. मी काही बोललो नाही. ती वीस वर्षं रुग्ण तपासते आहे आणि मी टेबलावर बसून बटणं दाबतो, असं माझ्या मनात आलं. तिने डोळे मिटून मान मागे टेकली होती. आम्ही साडेसहाला घरी पोहोचलो. ती चहा ठेवत असताना मी विचारलं, "त्या बाईंचे कीटोन बघितले होतेस?"

"साखर फार वाढलेली नसताना कीटोन कशाला?"

मी स्पष्टीकरण जसंच्या तसं सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि क्लिनिकच्या ॲपवरून बाईंचा नंबर काढला. फोन त्यांच्या नणंदेने उचलला. स्पीकर चालू होता.

"झोपलीय हो ती. हाक मारली तर नुसतं हूं म्हणते."

"श्वास कसा चाललाय?"

"मोठमोठ्यानं. धावून आल्यागत."

"त्यांना उठवायला बसू नका. आत्ताच्या आत्ता ॲम्ब्युलन्स बोलवा. गोळ्यांची पाकिटं बरोबर द्या."

बाईंना अतिदक्षता विभागात ठेवलं. रक्तात आम्ल साठलं होतं. बायको दुसऱ्या दिवशी त्यांना बघून आली. म्हणाली, "तुला आठवलं म्हणून बरं. कधी आठवलं?"

"घरी आल्यावर," मी म्हणालो.

क्लिनिकने चौकशी केली. तिच्या नावावर याच विषयाचा कोर्स नऊ दिवसांपूर्वी पूर्ण झाल्याची नोंद त्यांना मिळाली. शिकूनही तपासणी का केली नाही, असा लेखी प्रश्न आला. तिने एका पानाचं उत्तर लिहिलं आणि नेहमीप्रमाणे इंग्रजी तपासायला माझ्याकडे दिलं. त्यात लिहिलं होतं की तो कोर्स तिने स्वतः केलेला नाही, त्याआधीचेही केलेले नाहीत, आणि निदान चुकलं ते तिचं. माझा उल्लेख नव्हता. गाडीतल्या सत्तर मिनिटांचाही नव्हता, कारण ती तिला माहीत नव्हती. मी दोन स्वल्पविराम दुरुस्त करून कागद परत दिला.

तिचे त्या वर्षातले सगळे तास रद्द झाले. लायसन्सबाबतचा निर्णय होईपर्यंत तिला रुग्ण तपासायला मनाई आहे. बाई चार दिवस अतिदक्षता विभागात होत्या. आठव्या दिवशी त्या घरी गेल्या. त्यांची नवी गोळी बंद केली आहे आणि तपासणीसाठी त्या आता दुसऱ्या डॉक्टरकडे जातात.