न जाळलेला झगा

आमची हासिंता घाबरट. पन्नाशी उलटली, स्पेनमधल्या आमच्या हेरेस गावातल्या निम्म्या नाचणाऱ्या बायकांचे झगे तिनं शिवले, पण अजून पाव घेताना दुकानदाराचीच माफी मागते. अशा बाईनं आयुष्यात एकच धाडस केलं आणि मग सहा वर्षं जीव मुठीत धरून काढली.

ज्या नर्तिकेसाठी तिनं ते केलं तिचं नाव मी घेणार नाही. आम्ही हितानो, म्हणजे स्पेनमधले जिप्सी. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव तोंडातून काढत नाहीत, फोटो उतरवून ठेवतात आणि कपडे जाळतात. आता चौकातल्या पुतळ्याखाली पाटीवर तिचं नाव कोरलंय. ज्याला हवं त्यानं तिथं जाऊन वाचावं.

ती गेली तेव्हा एक्केचाळीसची होती. तिच्या आईनं, सेफेरिना मावशीनं, सगळ्या कपड्यांचं बोचकं हासिंताच्या हवाली केलं. ‘तू शिवलेस, तूच जाळ,’ एवढंच म्हणाली. आम्ही दोघी गावाबाहेरच्या माळावर गेलो. एकेक कपडा जळाला आणि शेवटी लाल झगा राहिला, सात झालरींचा, मागे दीड मीटर घोळ लोळणारा. तो धरून हासिंता नुसती उभी.

‘टाक की,’ मी म्हटलं.

‘चार महिने शिवत होते गं मी हा.’

आणि तिनं तो परत चादरीत बांधला. ‘रेमे, तू काही पाहिलं नाहीस.’

मी पाहिलं होतं आणि गप्प बसले. म्हणजे पापात माझाही वाटा आहेच. झगा हासिंताच्या पलंगाखालच्या पेटीत गेला. मावशीचं घर तिथून तीन दारं सोडून.

पाच वर्षांनी नगरपालिकेनं पुतळा करायचं ठरवलं. तिच्या भावांनी बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर होकार दिला. मावशी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. शिल्पकार ग्रेगोरिओ सेव्हिया शहरातून आला. माणूस साधा होता, पण आमच्यातला नव्हे. पुतळा चौथऱ्यावर नको, जमिनीवर, माणसाच्या उंचीचा आणि अगदी जिवंत हवा, असं त्याचं म्हणणं. घरच्यांनी फोटो दाखवले नाहीत, तेव्हा तो शिंपिणीकडे आला. निदान मापं तरी द्या म्हणाला. हासिंतानं मापं सांगितली. मग काय डोक्यात शिरलं देव जाणे, तिनं पेटीच उघडली.

ग्रेगोरिओनं त्या झग्यावर प्लास्टर लावून त्याचा साचा काढला, नंतर धुऊन परत आणून दिला. कार्यशाळेत पुतळा पाहून आली त्या दिवशी हासिंता माझ्या भाजीच्या दुकानात येऊन बटाट्यांच्या पोत्यावर बसली.

‘रेमे, सगळं उमटलंय. डाव्या कोपराचं ठिगळसुद्धा.’

ते ठिगळ म्हणजे एका कार्यक्रमात मेणबत्तीनं बाही जळाली, ती हासिंतानं तिथंच विंगेत सांधली होती. मावशीनं तेव्हा दिवा धरला होता.

‘म्हातारीला दिसायचं नाही,’ मी म्हटलं.

‘तिला तांदळातला खडा चष्म्याशिवाय दिसतो.’

‘मग आजारी पड. अनावरणाला जाऊच नकोस.’

‘न गेले तर जास्तच संशय येईल.’

पुढचे तीन आठवडे तिचं कामात लक्ष नव्हतं. एक झालर दोनदा उलटी शिवली. मावशी रस्त्यात दिसली की ही पदपथ बदलायची. आमच्यात मेलेल्याची वस्तू दडवणं म्हणजे त्याला सुखानं जाऊ न देणं. ज्या घरानं तिला लेकीसारखं वागवलं, त्या घराचं दार आता कायमचं बंद होणार, ही तिची भीती. मी तिला चिडून बोलायचे, पण मावशी दुकानात आली की मीही वजनात चुकायचे.

अनावरण भर दुपारी झालं. कापड खाली आलं. हात वर, मान मागे, पायाशी घोळ, तीच ती. तिच्या थोरल्या भावानं तोंड फिरवलं. मावशी काठी टेकत पुढे गेली. चेहऱ्याकडे तिनं बघितलंच नाही. डाव्या कोपरावर बोट ठेवलं, जरा वेळ तसंच ठेवलं आणि कुणाशी न बोलता घरी निघून गेली. हासिंतानं माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले.

तासाभरात निरोप आला: झगा घेऊन ये.

मी बरोबर गेले. वाटेत हासिंता पुटपुटत होती, ‘चार महिने शिवत होते, हात धजला नाही, आज जाळते, तुमच्यासमोर जाळते.’ पाठ केल्यासारखं.

मावशी खिडकीशी बसली होती. तिनं झगा मांडीवर घेतला, घडी मोडली आणि त्यात तोंड खुपसलं. आम्ही उभ्याच.

‘चुन्याचा वास येतोय,’ ती म्हणाली.

‘मावशी, त्यांनी प्लास्टर लावलं होतं. मग धुतला.’

‘त्याआधी?’

‘त्याआधी तिचाच येत होता. घामाचा. आणि ती मानेला संत्र्याच्या फुलांचं पाणी लावायची, त्याचा.’

‘सहा वर्षं?’

‘पेटी बंदच असायची. म्हणून टिकला.’

मावशीनं झगा परत हुंगला, काखेपाशी, मग गळ्यापाशी, मग आतल्या अस्तराला. लेकीचा वास कुठंच सापडला नाही तिला.

‘तीन दारं सोडून राहतेस,’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘मला एकदा तरी बोलवायचंस.’

हासिंता खाली जमिनीवर बसली आणि मावशीच्या पायांना धरून रडायला लागली. मावशीनं तिला ना उठवलं ना दूर लोटलं. ती अस्तर उलटून उलटून हुंगत राहिली.