कातळावरच्या विहिरीतल्या गोगलगायी

चौथीनंतर मी शाळेत गेलो नाही, त्यामुळं माझं डोकं बरंच शाबूत राहिलं. घरामागच्या कातळावर विहीर खणायचं ठरवलं तेव्हा वाडीतले शिकलेले म्हणाले, तिथं पाणी लागायचं नाही. म्हणून लगेच खणायला घेतली.

जांभा संपला, काळा दगड लागला. सुरुंग लावून तो फोडला, तर खाली राखाडी मातीचा थर आणि त्यात शिंपले. बारके, पिळाचे, पार दगड झालेले. गडी वर येऊन बसले. म्हणाले, शिंपले म्हणजे खाली खाडी, आता खारंच पाणी लागणार. माझा चुलतभाऊ, ज्याचं नि माझं बांधावरून जन्माचं वाकडं, तो रोज डोकवायला लागला.

"मिठागर काढतोस काय रे?"

मी सगळ्यांदेखत सांगितलं, खारं लागलं तर माझ्या हातानं विहीर बुजवीन.

त्या दिवसांत दगडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई हातखंब्याकडं फिरत होत्या. सुनेनं त्यांना बोलावून आणलं. आल्या आल्या त्यांनी मातीच्या ढिगातून खाडीतल्या तिसऱ्यांची शिंपली वेगळी काढली. ती आदल्या दिवशीच्या आमच्या जेवणातली. एवढं ओळखलं म्हणून मी त्यांना खुर्ची दिली.

मग भिंग लावून म्हणाल्या, हे खाडीतलं नव्हे, तळ्यातल्या गोगलगायी आहेत. पीळ उलटा, तोंड डाव्या अंगाला. वितळलेल्या दगडाचा रस वाहून थिजला, त्यावर तळं साचलं, त्यात ह्या जगल्या. मग वरून दुसरा रस आला. ही जात ठरावीक काळातच होती, म्हणून ती सापडते तो थर त्याच काळचा. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा.

चुलतभावानं शांतपणे विचारलं, "तेव्हा सातबारा कुणाच्या नावावर होता, बाई?"

बाई गंभीरपणे म्हणाल्या की तेव्हा माणूसच नव्हता. त्याला फार बरं वाटलं. माझ्या वडलांचं नाव नव्हतं, एवढंच त्यानं त्यातून घेतलं.

निघताना बाईंनी बजावलं, गोगलगायी तेव्हाच्या पाण्याचं सांगतात, आजच्या नव्हे. शिकलेली माणसं शेवटी असा पाय मागं घेतातच. मी गड्यांना म्हटलं, तळ्याचं गोडं पाणी आहे, उतरा.

पाणी लागलं. वाडी जमली. चुलतभावानं स्वतः लोटा भरून माझ्या हातात दिला. तोंडाशी नेला तर कुजक्या अंड्यांचा वास. एवढा काळ दगडाखाली कोंडलेलं पाणी, त्याला काय अत्तराचा वास येणार? मी लोटा रिकामा केला.

"कसा हाय?"

"खारा नाय."

त्यानं दुसरा भरला. तोही प्यालो. विहीर बुजवायचं कारणच उरलं नाही. ते पाणी आता केळींना जातं. चुलतभाऊ दारात दिसला, की लोटाभर मी पितो.