बटणं कापलेले शर्ट

मंडळी, आज डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या कॉलेजच्या स्टाफने जानेफळ रोडवरच्या वीटभट्टीतल्या कुटुंबांना कपडे द्यायचं ठरवलं. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. गोळा करून वाटायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं.

आज दुपारी सफाईच्या शांताबाई आणि मी मिळून गाठोडी सोडली. चेन तुटलेल्या पँटी, नाडी काढलेले परकर. शर्टांचं तर विचारूच नका. एकालाही बटण नाही, सगळी कात्रीनं नीट कापून ठेवून घेतलेली!

शांताबाई म्हणाल्या, "मॅडम, हे तं पुसाचे फडके होय. बटन कापले म्हंजे तो शर्ट घालाचा नसतेच."

माझा पारा चढला. शिकलेसवरलेले लोक, आणि द्यायची ही रीत? तिथंच ग्रुपवर लिहिलं, "कपडे द्या, चिंध्या नकोत."

तेवढ्यात शांताबाईंनी शेवटची पिशवी उघडली. "हे कोनाचं?"

निळ्या चौकड्यांचा शर्ट. माझ्या नवऱ्याचा. रविवारी टीव्ही बघता बघता मीच त्याची बटणं कापून डब्यात टाकली होती, हाताला सवयच तशी.

आता माझ्या मेसेजखाली अख्ख्या स्टाफचे अंगठे आलेत. "अगदी बरोबर बोललात मॅडम!" प्रत्येकाला वाटतंय, मी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतेय.

खरं सांगा, बटणांचा तो डबा तुमच्याही घरात आहे ना?